भीती कोणत्या कप्प्यात ठेवायची?

प्रश्न : निवृत्तीनंतर मी ग्रंथालयातून भयकथा, चित्रकादंबरी, कविता आणि वयात येण्याच्या कादंबऱ्या अशी सरमिसळ पुस्तके आणून वाचत आहे, परंतु माझ्या प्रतिक्रिया उलट्यासुलट्या होतात. नारायण धारपांच्या समर्थकथा रात्री वाचूनही मला शांत झोप लागली, तर नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह दिवसाढवळ्याही वाचवेना आणि मी तो अर्ध्यावर मिटला. ‘भीमायन’ हे चित्रकादंबरीचे पुस्तक तासाभरात संपले आणि ते पाहिले की वाचले, हेच कळले नाही. भालचंद्र नेमाड्यांच्या ‘कोसला’च्या नायकाचा राग आला, ‘वनवास’मधला लंपन मात्र आपल्याच घरातला वाटला. माझ्या वाचण्यात काही चुकते आहे का?
— एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर जिल्हा

उत्तर : आपल्या प्रतिक्रिया उलट्यासुलट्या नाहीत, एक अपवाद सोडला तर त्या अचूक आहेत. समर्थकथांमध्ये अमानवी शक्ती कितीही भयंकर असली, तरी तिला तोंड देणारा समर्थ हा पुरुष हजर असतो आणि त्याचे सामर्थ्य अखेरीस पुरे पडणार आहे, हे दोन-तीन कथा वाचलेल्या वाचकाला ठाऊक होते. त्यामुळे आपण घाबरता ते एका आश्वासनाच्या सावलीत, आणि म्हणून झोपही लागते. धारपांचे हे कौशल्य आहे, त्यांना कमीपणा आणणारी गोष्ट नव्हे. हे आश्वासन नको असेल तर रत्नाकर मतकरींचा ‘खेकडा’ हा संग्रह वाचावा. मतकरींच्या गूढकथांमध्ये अनिष्ट बहुधा घरातल्या माणसांच्या हव्यासातून, असूयेतून किंवा एकटेपणातून उगवते आणि ते आवरायला कोणी धावून येईलच असे नसते.

‘गोलपिठा’ 1972 साली आला, त्याच वर्षी ढसाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दलित पँथरची स्थापना केली. मुंबईच्या कामाठीपुऱ्यातले जग त्याच्याच बोलीत या कवितांमध्ये उतरले. त्या जगातले कितीतरी शब्द प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांनाही कवीला विचारून समजून घ्यावे लागले होते. येथे पुस्तक मिटले म्हणून वस्ती मिटत नाही. भयकथेने न घाबरलेल्या वाचकाला हा संग्रह हादरवतो तो यामुळेच. तरीही तो अर्ध्यावर सोडण्याला माझा विरोध आहे. ‘माणसाने’ ही कविता वाचकाला विध्वंसाच्या एकाहून एक असह्य आज्ञा देत जाते आणि तसे करत करतच अखेरीस माणसाच्या गाण्यापाशी पोहोचते. मध्येच थांबणाऱ्याच्या पदरी केवळ आज्ञा पडतात. एका बैठकीत संग्रह संपवण्याचा हट्ट मात्र धरू नये. एका दिवशी एक कविता, तीही मोठ्याने, एवढे पुरे.

अपवाद आहे तो ‘भीमायन’चा, कारण ते पुस्तक तासाभरात संपत नाही. डॉ. आंबेडकरांनी स्वतः नोंदवलेल्या अस्पृश्यतेच्या अनुभवांवर ते आधारलेले आहे. 1901 साली साताऱ्याहून वडिलांना भेटायला गोरेगावकडे निघालेली मुले — लहानगे भीमराव, त्यांचा भाऊ आणि भाचे — मसूर स्थानकावर उतरली, जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरला, आणि पुढच्या सगळ्या प्रवासात जवळ अन्न असूनही पाण्यावाचून त्यांना ते खाता आले नाही. 1917 साली बडोद्यात परदेशातून शिकून आलेल्या अधिकाऱ्याला, म्हणजे आंबेडकरांनाच, राहायला जागा मिळाली नाही. शब्द जेवढे सांगतात त्याहून अधिक दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी चितारले आहे. त्यांनी पाने चौकोनी चौकटींमध्ये कापायला नकार दिला, कारण माणसांना पेटीत कोंडणे त्यांना मान्य नव्हते; त्याऐवजी गोंड घरांच्या भिंतींवर आणि अंगणात काढतात त्या डिग्ना नक्षीच्या वळणांनी त्यांनी पानांचे भाग पाडले. बोलण्याचे फुगे आपण पाहिले असतील, परंतु त्यांचे आकार पाहिले का? सौम्य माणसाचे बोलणे पक्ष्याच्या आकारात येते, आणि ज्याच्या शब्दांत जातीचे विष आहे त्याच्या फुग्याला विंचवाची नांगी असते. म्हणजे संवाद वाचण्याआधीच तो डसणार आहे हे डोळ्यांना कळलेले असते. आपण कथानकाच्या वेगाने पाने उलटली. आता मजकूर बाजूला ठेवून केवळ चित्रांसाठी पुस्तक पुन्हा हाती घ्यावे.

‘कोसला’बद्दल थोडक्यात सांगतो. पांडुरंग सांगवीकरचा राग येणे स्वाभाविक आहे, कारण बापाच्या पैशावर पुण्यात राहून सगळे वाया घालवणारा हा मुलगा स्वतःचीही गय करत नाही आणि वाचकाचीही. मात्र धाकटी बहीण मनी देवीच्या साथीत जाते, तो भाग वाचूनही राग तसाच टिकला असेल, तर तो खुशाल टिकू द्यावा. 1963 पासून या नायकावर वाचक भांडत आले आहेत.

लंपनविषयी मात्र मला एक शंका आहे. आयुष्य मुलांमध्ये गेलेल्या शिक्षिकेला तो आवडणारच, कारण प्रकाश नारायण संतांनी त्याला बेळगावकडच्या बोलीचा गोडवा आणि अफाट कुतूहल दिले आहे. पण आई-बाबांपासून दूर आजी-आजोबांकडे राहणाऱ्या या मुलाचे दुःख त्या गोडव्यात हरवू नये. वाढण्याची दुसरी तऱ्हा पाहण्यासाठी दया पवारांचे ‘बलुतं’ त्याच्या शेजारी ठेवावे. 1978 च्या या आत्मकथनात दगडू मारुती पवार हा दया पवारालाच आपली कहाणी ऐकवतो, जणू शिकलेल्या माणसाला मागे राहिलेल्या मुलाची ओळख पुन्हा करून द्यावी लागते. महारवाड्यात आणि मुंबईच्या कावाखाना या वस्तीत वाढलेला दगडू कदाचित आपल्याला ‘घरातला’ वाटणार नाही. तसा तो का वाटला नाही, हे पुढच्या पत्रात कळवाल का?

प्रश्न : माझी तेरा वर्षांची नात केवळ भयकथा वाचते. तिला कविता आणि इतर पुस्तकांकडे कसे वळवावे?
— एक आजोबा, नाशिक

उत्तर : भयकथा सोडवू नयेत. रहस्य टिकवण्यासाठी लेखक काय दडवतो, हे त्यातूनच तिला कळत आहे. वर्षभराने ती नववीत गेली की मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ द्यावी. ती नववीतल्याच मुलांची, आणीबाणीच्या काळातली गोष्ट आहे. त्यातली मुले वर्गाबाहेर बोलतात तशीच बोलतात, म्हणून आजोबांनी ती आधी वाचून मन घट्ट करावे. कवितेसाठी पुस्तक हाती देण्याची घाई नको. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी जात्यावर आणि शेतात रचली गेली, घरातल्यांनी उतरून घेतली आणि त्यांच्या निधनानंतर 1952 साली छापली गेली. ती तिला वाचून दाखवावीत, आणि खानदेशी उच्चार अडला तर दोघांनी मिळून सोडवावा.