लहानपणीच्या आवडत्या चित्रकाराच्या मर्यादित आवृत्तीच्या प्रिंट्स घ्याव्यात का? घेताना काय बघावं?

तुमचा प्रश्न असा, की ज्यांची चित्रं बघत बघत वाचायला शिकलात, त्या चित्रकाराच्या सहीच्या, क्रमांक घातलेल्या प्रिंट्स विक्रीला आल्यात. त्या घ्याव्यात का, आणि ‘मर्यादित आवृत्ती’ या शब्दावर किती विसंबायचं?

घ्या. मी बारा वर्षं अशा प्रिंट्स जमवतोय आणि एक खेप सोडली तर पस्तावलो नाही. फक्त एवढं ध्यानात असू द्या, की ‘मर्यादित’ या शब्दातून प्रती किती काढल्या तेवढंच कळतं. प्रत कशी निघाली आणि चित्रकाराचा हात तिला कितपत लागला, हे तुम्हालाच विचारून घ्यावं लागतं.

एक प्रकार मुद्राचित्राचा. चित्रकार स्वतः तांब्याच्या पत्र्यावर, दगडावर, लिनोवर (कोरायच्या मऊ पत्र्यावर) किंवा छपाईच्या जाळीवर, म्हणजे स्क्रीनवर, काम करतो आणि त्यावरून छाप काढले जातात. इथे कागदावरचा छाप हेच मूळ चित्र. दुसरा प्रकार म्हणजे पुस्तकासाठी शाईत आणि जलरंगात केलेलं चित्र स्कॅन करून इंकजेटवर छापलेली प्रत. तिला झिक्ले म्हणतात. जॅक डुगान या छपाईकाराने १९९१ साली ‘फवारणं’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून हे नाव काढलं. बालपुस्तकांचे बरेच चित्रकार जलरंगात काम करतात, त्यामुळे तुमच्या वाट्याला बहुधा झिक्लेच येईल. रोआल्ड डालच्या पुस्तकांचे चित्रकार क्वेंटिन ब्लेक यांच्या सहीच्या अशा प्रिंट्स बऱ्याच निघाल्या आहेत. त्यात कमीपणा काहीच नाही. सुती कागदावर, पिगमेंटच्या शाईत नीट काढलेली झिक्ले पुस्तकाच्या पानापेक्षा मूळ चित्राच्या कितीतरी जवळ जाते. रंग ओला असताना कडेला साचलेली गडद रेघ, पुसायची राहून गेलेली पेन्सिल, असं सगळं त्यात दिसतं.

पण आकड्याचं वजन दोन्हीकडे सारखं नसतं. आवृत्ती पुरी झाली की पत्र्यावर आडवा ओरखडा मारतात किंवा स्क्रीन धुऊन टाकतात. पुन्हा छाप काढायची सोयच उरत नाही. झिक्लेची स्कॅन केलेली फाइल मात्र तशीच राहते. तिथे मर्यादा म्हणजे प्रकाशकाने दिलेला शब्द. म्हणून एक प्रश्न जरूर विचारा: हेच चित्र दुसऱ्या आकारात, दुसऱ्या कागदावर निघालंय का, किंवा निघणार आहे का? लहान आकाराच्या दोनशे, मोठ्याच्या पन्नास, वर चित्रकाराच्या स्वतःच्या प्रती, असं धरलं तर ‘पन्नासांतली एक’ या बोलण्याला फारसा अर्थ राहत नाही.

माझी फसगत झाली ती ‘मूळ लिथोग्राफ’, म्हणजे दगडावर काढून छापलेलं चित्र, म्हणून घेतलेल्या एका झोपलेल्या कोल्ह्याच्या चित्रात. घरी आणून दहापट भिंगाखाली कोल्ह्याचा कान धरला, तर तो नारिंगी रंग नारिंगी नव्हताच. निळे, गुलाबी, पिवळे, काळे ठिपके फुलाच्या पाकळ्यांसारखे गोल मांडलेले, एकसारख्या अंतरावर, मिशांच्या रेघांतसुद्धा. ही साधी ऑफसेट छपाई, पुस्तकं-मासिकं छापतात ती. खाली कोपऱ्यातली सहीही त्याच ठिपक्यांची. दगडावरच्या लिथोग्राफमध्ये खडूचे कण वेडेवाकडे विखुरलेले असतात, शिस्तीतल्या रांगा नसतात. एचिंगमध्ये, म्हणजे आम्लाने पत्र्यावर रेघ कोरून काढलेल्या छापात, रेघ सलग असते, शाई कागदावर किंचित उठून आलेली असते आणि चित्राभोवती पत्र्याचा दाब उमटलेला दिसतो. पेन्सिलीची खरी सही कागद उजेडात तिरका धरला की चमकते. तेव्हापासून भिंग बरोबर असल्याशिवाय मी काही घेत नाही, आणि लांबून घ्यायचं असेल तर सहीचा आणि एखाद्या रंगाच्या तुकड्याचा अगदी जवळून काढलेला फोटो मागतो. तो द्यायला कां कूं केली की विषय तिथेच संपवतो.

प्रतीवर १२/७५, म्हणजे पंचाहत्तरांतली बारावी, असं लिहिलेलं असतं; त्यातला १२ फार मनावर घेऊ नका. सुरुवातीचा क्रमांक म्हणजे चांगली प्रत, असं आज सहसा नसतं. अपवाद ड्रायपॉइंटचा, म्हणजे सुईने थेट पत्र्यावर ओरखडून काढलेल्या चित्राचा. त्यात सुईने उचललेली तांब्याची कड प्रत्येक दाबासरशी झिजते, तेव्हा आधीच्या छापांची रेघ खरंच जास्त मखमली असते.

चित्रकार हयात नसेल तर सही कोणाची, हे आधी बघा. अमेरिकन बालपुस्तकांचे लेखक-चित्रकार डॉ. सूस १९९१ मध्ये गेले आणि १९९७ पासून त्यांच्या वारसांच्या परवानगीने मर्यादित आवृत्त्या निघू लागल्या. त्यांवरची सही छापील असते. हे उघड सांगूनच विकतात, तेव्हा त्यात फसवणूक नाही, पण ते चित्रकाराने हाताळलेले कागद नव्हेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा इंग्रज पुस्तक-चित्रकार आर्थर रॅकहॅम याच्या नावाने दिसणारी जुनी चित्रं तर बहुतेकदा पुस्तकांतून सोडवलेली पानं असतात. त्या काळच्या तिरंगी छपाईला गुळगुळीत कागद लागायचा, म्हणून चित्रं वेगळी छापून जाड पानांवर नुसती कडेने चिकटवत. ती सुटतातही सहज. असं एक पान फ्रेममध्ये गेलं की एक पुस्तक मोडलेलं असतं. ती मी घेत नाही, तुम्हीही घेऊ नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

फ्रेम करताना आम्लमुक्त माउंट (चित्राभोवतीचा पुठ्ठा) वापरायला सांगा आणि काच चित्राला टेकू देऊ नका. चित्र पाठीमागून सरसकट चिकटवू देऊ नका. वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन पट्ट्या, गव्हाच्या खळीने लावलेल्या, एवढं पुरतं. दमट हवेत कागद फुगतो, त्याला हलायला जागा हवी. कडा कापून चित्र फ्रेममध्ये बसवणाऱ्याकडे तर जाऊच नका. प्रकाशाचं नुकसान साचत जातं आणि भरून येत नाही. संग्रहालयं कागदावरच्या चित्रांना साधारण ५० लक्स (उजेड मोजायचं एकक), म्हणजे मंदच उजेड देतात. अतिनील किरण अडवणारी काच उपयोगी आहे, पण ऊन पडणाऱ्या भिंतीवर तीही पुरत नाही.

आता कोणतं चित्र घ्यायचं? मुखपृष्ठाचं सगळ्यांनाच हवं असतं, ते आधी संपतं. मी घेतलेली पहिली प्रिंट आतल्या पानावरची होती: रिकामी खोली, अर्धवट उघडं दार आणि दाराखालून आत आलेली उजेडाची पट्टी. प्राणी नाही, माणूस नाही. लहानपणी त्या पानावर मी दर वेळी थांबायचो, कारण दारामागे कोण आहे ते पुढच्या पानावर कळायचं आणि मला ते इतक्यात कळायला नको असायचं. ती खोली आता माझ्या टेबलाच्या डाव्या बाजूला आहे, खिडकीपासून लांब. दर सहा महिन्यांनी तिला उतरवून अंधाऱ्या खणात विसावा देतो आणि तिच्या जागी दुसरी प्रिंट लावतो.