घरी टर्नटेबल करताना पैसा कुठे घालावा?

प्रश्न : वडिलांनी जमवलेल्या शास्त्रीय संगीताच्या एलपी (मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या तबकड्या) आणि लाखेच्या काही ७८च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकड्या घरात आहेत. स्वस्त प्लेअरवर तानपुऱ्याचा सूर हलल्यासारखा वाटतो. सुतारकाम मला येते. सुमारे १५,००० रुपयांत चांगला टर्नटेबल घरी तयार होईल का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : होईल, मात्र खरी कसोटी लाकडाची नसून बेअरिंगची आहे. तबकडीच्या खोबणीतील नागमोडी वळणे काही ठिकाणी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही बारीक असतात, त्यामुळे प्लॅटरचा (तबकडी जिच्यावर फिरते त्या थाळीचा) शाफ्ट म्हणजे दांडा बेअरिंगमध्ये किंचित जरी डगमगला तरी सुई ती हालचालही टिपते आणि गाण्याखाली सतत घरघर ऐकू येते. म्हणून कोल्हापूरच्या उद्यमनगर औद्योगिक भागातील एखाद्या जाणत्या टर्नरकडून (लेथवर काम करणाऱ्या कारागिराकडून) कडक पोलादी शाफ्ट आणि त्याला नेमका बसणारा गनमेटलचा बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी) करून घ्यावा, तळाशी एकच छर्रा (पोलादी गोळी) ठेवून प्लॅटरचे सगळे वजन त्यावर तोलावे आणि बुशात तेल घालावे. तयार बॉल बेअरिंग स्वस्त पडते, पण त्यातील छर्ऱ्यांची खरखर तबकडीपर्यंत पोहोचते. तो मोह टाळावाच.

आपल्याला खटकलेला तानपुरा हा वेगाचा उत्तम परीक्षक आहे, कारण लांबलेल्या स्थिर सुरात वेगातील चढउतार लपत नाही. सिंक्रोनस मोटर घ्यावी; तिचा वेग व्होल्टेजवर नव्हे, तर विजेच्या ५० हर्ट्‌झ वारंवारतेवर ठरतो. मिनिटाला २५० फेऱ्यांची मोटर आणि ३०० मिमी व्यासाचा प्लॅटर असेल, तर ३३⅓ फेऱ्यांसाठी पट्ट्याने प्लॅटर फिरवणारी मोटरवरची पुली सुमारे ४० मिमी व्यासाची लागते. पट्ट्याच्या जाडीमुळे हे माप किंचित घटते, म्हणून पुली आधी थोडी मोठी ठेवून मग कातून लहान करत आणावी. तपासणीसाठी कागदी चकतीवर समान अंतराने १८० रेघा आखून ती प्लॅटरवर ठेवावी आणि स्विचबोर्डावरील निऑन इंडिकेटरच्या उजेडात पाहावी. वेग अचूक असेल तर रेघा जागच्या जागी थांबलेल्या दिसतात.

प्लायवूडचे थर चिकटवून जड बैठक आपण स्वतः करावी आणि मोटर तिला न टेकता वेगळी उभी करावी. टोनआर्म (सुई धरणारा हात) मात्र पहिल्याच प्रयत्नात घरी करू नये: जुना पण सांध्यात न खेळणारा आर्म आणि नवे मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज (सुईच्या हालचालीचे विजेच्या संकेतात रूपांतर करणारा भाग) यांसाठी निम्मी रक्कम राखून ठेवावी. कार्ट्रिजमधून जेमतेम काही मिलिव्होल्ट निघतात, तेव्हा अॅम्प्लिफायरला फोनो इनपुट नसेल, तर आरआयएए दुरुस्ती (एलपी कापताना बदललेला खर्ज-तार स्वरांचा तोल पूर्ववत करणे) करणारा फोनो प्रीअॅम्प्लिफायरही या हिशेबात धरावा.

लाखेच्या तबकड्यांना एलपीची सुई लावू नये. तिच्या टोकाची त्रिज्या सुमारे १८ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) असते, तर त्यांच्या रुंद खोबणीला ७५ मायक्रॉनच्या आसपासच्या टोकाची लागते. बारीक सुई तळाशी घसटते आणि गाण्यापेक्षा खरखरच अधिक येते. ७८ची पुली आणि वेगळी सुई पुढच्या टप्प्यात घ्यावी.