माळ्यावरच्या खोक्यात जंगल म्युझिकचे बाहेर न आलेले ट्रॅक: आधी कॉपी, मग नाव

तुमचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही म्हणून रात्रीच लिहायला बसलोय. लंडनच्या काकांच्या माळ्यावर खोकं सापडलंय, त्यात सात डॅट टेप (छोट्या डिजिटल ऑडिओ टेप), दोन जड काळ्या तबकड्या आणि पायरेट म्हणजे बिनपरवाना रेडिओच्या कॅसेटी, सगळं १९९४ ते ९७ मधलं जंगल, म्हणजे वेगवान चिरलेले ड्रम आणि जड बेसचं संगीत, आणि यातलं काय कधी बाहेर आलंच नाही ते कसं शोधायचं असं तुम्ही विचारलंय. शोधायचं नंतर बघू, आधी कॉपी करून घ्या. आणि तोवर त्या तबकड्या घरच्या टर्नटेबलवर लावू नका, प्लीज.

त्या डबप्लेट असणार. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर लॅकरचा थर, आणि रेकॉर्ड कापायच्या मशीनवर, लेथवर, एकेक नग कापलेला. लंडनला म्युझिक हाऊस म्हणून जागा होती, प्रोड्यूसर डॅट घेऊन जायचे, वीकेंडच्या आधी डीजेंची रांग लागायची, आणि दुपारी कापलेला ट्रॅक रात्री क्लबात वाजायचा. तो ट्रॅक चार-पाच डीजेंकडेच असायचा आणि तीच त्याची किंमत होती. कधी सहा महिन्यांनी रेकॉर्ड यायची, कधी तोपर्यंत सगळ्यांचा आवाजच पुढे गेलेला असायचा आणि ट्रॅक तसाच राहून जायचा. वाईट होता म्हणून राहिला असं समजू नका, मी ऐकलेल्यातले काही सगळ्यात भारी ट्रॅक असेच राहिलेले आहेत.

लॅकर मऊ असतं, दर वेळी सुई थोडं खरवडून नेते, म्हणून एकदाच वाजवायची आणि तेव्हा रेकॉर्डिंग चालू असलंच पाहिजे. वरती पांढरी पावडर दिसली तर घाबरू नका, लॅकरमधलंच तेल वर येतं, पण अल्कोहोलने पुसू नका! हे लॅकर नायट्रोसेल्युलोजचं असतं, नेलपॉलिशमध्ये असतं तेच, त्यामुळे अल्कोहोल लागलं की वरचा थरच विरघळायला लागतो. जुन्या रेकॉर्ड ट्रान्सफर करणाऱ्या माणसाकडेच द्या.

डॅटचं दुखणं वेगळं. सोनीने हे १९८७ मध्ये आणलं, २००५ ला मशीन बनवणं थांबवलं, म्हणजे आज जो डेक मिळेल तो म्हाताराच. माझ्याकडे २०११ मध्ये एका मित्राच्या भावाची टेप आली होती, मी नुसतं ऐकायला म्हणून सेकंडहँड डेकमध्ये घातली, रेकॉर्डर लावलाच नाही. सुरुवातीला सिंथचा लांबलचक पॅड, मग लांबून येत असल्यासारखा चिरलेला आमेन (जंगलमध्ये सगळे वापरतात तो ड्रमचा तुकडा), आणि बेस उतरला त्याच क्षणी आवाज बंद, आत टेप डेकच्या फिरत्या हेड-ड्रमला गुंडाळली गेलेली. चाळीस सेकंद ऐकलं असेल. तो बेस अजून डोक्यात आहे, पण टेपचा तेवढा तुकडा गेला तो गेलाच.

म्हणून आधी बिनमहत्त्वाची टेप घालून डेक तपासा, खोक्यातल्या टेपची मागची चकती सरकवून भोक उघडं ठेवा म्हणजे चुकून वर रेकॉर्ड होणार नाही, आणि डिजिटल आउटपुटमधूनच कॉपी घ्या. टेपचा सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झ आहे का ४४.१ ते बघा, ४८ ची टेप ४४.१ समजून घेतली तर सगळं आठ टक्के हळू वाजतं आणि पुढे ट्रॅक जुळवताना डोकं फिरतं. मध्येच आवाज गायब होत असेल तर टेप मेली असं लगेच धरू नका, ज्या मशीनवर रेकॉर्ड झाली त्याची अलाइनमेंट (हेडची ठेवण) वेगळी असू शकते, दुसऱ्या डेकवर तीच टेप कधी स्वच्छ वाजते.

आता नाव. इथे कॅसेटी कामाला येतात, शझामसारखं गाणी ओळखणारं ॲप नाही. कूल एफएमसारख्या पायरेट स्टेशनवरचा सेट असेल तर एमसी, म्हणजे डीजेबरोबर माइकवर बोलणारा, बोलता बोलता कधी ट्रॅकचं नाव घेतो, कधी डबप्लेट कुणाची ते सांगतो. लक्षात ठेवा, डीजे पिच (वेग) वर करून वाजवायचे, म्हणजे डॅटवर मिनिटाला १६० ठोके असलेला ट्रॅक पाच टक्के वर गेला की कॅसेटवर १६८ ऐकू येईल. मेलडीपेक्षा ड्रम जुळवा. आमेन ब्रेक सगळ्यांचा एकच, १९६९ चा, सहा-सात सेकंदांचा, पण तो कापायची पद्धत प्रत्येकाची वेगळी आणि एकदा कान बसला की हस्ताक्षरासारखी ओळखू येते.

काका सोमवारी हॉक्स्टन स्क्वेअरच्या ब्लू नोटला जायचे असं लिहिलंय तुम्ही, म्हणजे तबलावादक आणि प्रोड्यूसर तलविन सिंगची अनोखा नाइट. त्याच क्लबात रविवारी मेटलहेड्झ या लेबलची नाइट असायची. त्यामुळे एखाद्या टेपवर ब्रेकच्या खाली तबला ऐकू आला तर ती टेप बाजूला ठेवा, तिथे मी नक्की मदत करेन, त्या काळातलं आपल्याकडच्या पोरांचं बरंच काम असंच खोक्यांत पडून असेल असं मला मनापासून वाटतं.

आणि कॉपी झाली की लगेच यूट्यूबवर टाकू नका. टेप काकांकडे आहे म्हणून ट्रॅक काकांचा होत नाही, ज्याने बनवला त्याला आधी विचारा. डीप जंगलसारखी लेबलं असे जुने ट्रॅक मूळ डॅटवरून काढून रीतसर रेकॉर्डवर आणतात, पण आधीच सगळीकडे फिरलेल्या ट्रॅकवर कोण पैसे घालेल?

डबप्लेटच्या लेबलवर पेनाने काय लिहिलंय तेवढं इथे टाइप करा. फोटो नको, तेव्हाच्या लेबलांवर लोक फोन नंबरपण लिहायचे.