थंड होण्याच्या वयावरून पूर्वीच्या झिजेचा वेग काढता येतो का?

तुम्ही विचारलंय, समजा सिंधुदुर्गातल्या नाइस खडकातल्या ॲपाटाइट या खनिजाचं फिशन ट्रॅक वय (कणातल्या युरेनियमच्या विखंडनाच्या खुणा मोजून काढलेलं) ६ कोटी वर्षं आलं, तर तेव्हापासून डोंगर किती वेगाने झिजला? आकडा निघतो. पण तो एकटा कुणाला देऊ नका.

ॲपाटाइट साधारण ११० अंशांना 'बंद' होतं, म्हणजे त्याहून निवलं की खुणा टिकायला लागतात आणि वय तिथून मोजलं जातं. पृष्ठभाग २५ अंश आणि खाली दर किलोमीटरला २५ अंशांची वाढ धरली, तर ती पातळी ३.४ किलोमीटरवर, म्हणजे दर १० लाख वर्षांत ५७ मीटर झीज. वाढ ३५ अंश धरा, उत्तर ४० वर येतं. खडक तोच, वयही तेच!

याच मुद्द्यावर कोल्हापुरात शिकताना माझं मार्गदर्शकांशी वाजलं होतं. पन्हाळ्याच्या बेसॉल्टमध्ये कामाचं ॲपाटाइट सापडेना, म्हणून घाट उतरून नाइस गोळा केला. फोडा, चाळा, जड द्रवात कण वेगळे करा, मग घासून गुळगुळीत केलेला कण नायट्रिक ॲसिडमध्ये वीसेक सेकंद. सूक्ष्मदर्शकाखाली युरेनियमच्या विखंडनाच्या केसासारख्या रेघा उमटतात, अखंड असली तर जेमतेम १६ मायक्रॉनची. माझ्या कणांत आखूड रेघा भरपूर होत्या. रेघ आखूड होते ती कण ६० ते ११० अंशांच्या पट्ट्यात रेंगाळला की. म्हणजे खडक एका दमात वर आलेला नव्हता, मग सरासरी वेगाला अर्थ काय उरला? सर म्हणाले, "एक वय, एक वेग. परीक्षकाला आकडा लागतो." प्रबंधात तोच गेला, दशांशानंतर दोन आकडे लावून. त्याचा राग मला अजून येतो. शास्त्रात अंदाजपंचे दाहोदरसे चालत नाही, आणि चालवायचंच असेल तर तसं लिहा तरी!

तेव्हा तुम्ही रेघांच्या लांबीचे आलेख मागा. एकाच कड्यावर वेगवेगळ्या उंचीचे नमुने घ्या. जमलं तर झिरकॉन या खनिजाचं हेलियम वयही (कणात साठलेल्या हेलियमवरून) काढा, ते १८० अंशांच्या आसपास बंद होतं. आणि मार्गदर्शक नको म्हणाले तर लेखी कारण मागा.

राहिलं एक. थंड होणं म्हणजे झीजच, असं नाही. ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा जिथे साचला, तिथे खालचा खडक तापून नंतर नुसता निवलाही असेल. शिवाय झीज फार वेगवान असली तर उष्णता खडकाबरोबर वर येते आणि साधा भागाकार वेग फुगवून दाखवतो. गेल्या काही हजार वर्षांची झीज हवी असेल तर ही पद्धत सोडा. त्यासाठी नदीच्या वाळूतल्या क्वार्ट्झमधलं बेरिलियम-१० मोजतात, जे पृष्ठभागाजवळच्या खडकात वैश्विक किरणांमुळे तयार होतं.