वाचकांचे प्रश्न: लेहच्या दोन अंगांचे डोंगर

लेहच्या मागचे डोंगर फिकट करडे आणि सिंधूपलीकडचे स्तोकचे डोंगर जांभळ्या-हिरव्या पट्ट्यांचे. एवढ्याशा अंतरात इतका फरक कसा? (पुणे)

मागची लडाख रांग ग्रॅनाइटची आहे. भारतीय भूखंड उत्तरेला सरकत असताना मधल्या टेथिस समुद्राचा तळ आशियाच्या कडेखाली घुसत गेला. तिथे तयार झालेला शिलारस वर चढला, पण जमिनीच्या आतच सावकाश थंडावला. त्यामुळे स्फटिक चांगले मोठे झाले: पांढरट फेल्डस्पार, काचेसारखं क्वार्ट्झ आणि काळं अभ्रक नुसत्या डोळ्यांनी वेगळं ओळखता येतं. यातला बराच खडक 6 ते 5 कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे आपल्या सह्याद्रीतल्या बसाल्टपेक्षा थोडा तरुण.

स्तोकची बाजू गाळाची. समुद्र मिटत गेला तसे नद्यांनी वाळू, चिखल आणि गोटे आणून टाकले आणि पुढे दाबाखाली ते थर जवळजवळ उभे झाले. पट्टे दिसतात ते या थरांचे. तिथे गोटे घट्ट चिकटून झालेला पिंडाश्म सापडला तर नीट पाहा, त्यातले काही गोटे समोरच्याच ग्रॅनाइटचे असतात.

वर्षाला जेमतेम 100 मिलिमीटर पाऊस. मग जवाची शेती होते कशी? बर्फाच्या स्तूपांचा खरंच उपयोग होतो का? (नाशिक)

शेती चालते ती डोंगरावरच्या बर्फावर. वितळलेलं पाणी पाटाने गावात येतं, ‘झिंग’ नावाच्या तळ्यात साठतं आणि चुरपोन ठरवेल त्या पाळीने शेतात जातं. चुरपोन म्हणजे गावाने नेमलेला पाणीवाटप्या. अडचण वेळेची आहे. पेरणी एप्रिल-मे महिन्यांत, पण उंचावरच्या हिमनद्यांचं पाणी जोरात सुटतं जूनमध्ये. हिवाळ्यात ओढ्याचं पाणी मात्र फुकट वाहून जातं.

ते अडवायची पहिली युक्ती लडाखचे अभियंते चेवांग नॉर्फेल यांची. सावलीच्या घळीत दगडी बांध घालायचे, पाणी पसरून संथ करायचं आणि तिथेच गोठवायचं. सोनम वांगचुक यांनी 2013-14च्या हिवाळ्यापासून बर्फ उंच शंकूसारखा उभा रचायला सुरुवात केली, तेच हे बर्फाचे स्तूप. ओढ्यात वरच्या अंगाला पाइप बसवून तो गावापर्यंत आणतात. दोन टोकांच्या उंचीत 60 मीटरचा फरक असेल तर पंपाशिवाय कारंजं उडतं. घर्षणात दाब खर्च होतो, त्यामुळे कारंजं 60 मीटर चढत नाही. उणे 20 अंशांच्या हवेत थेंब गारठतात आणि खाली काटक्या-जाळीच्या सांगाड्यावर गोठतात. शंकूचा आकार शोभेसाठी नाही: बर्फ भरपूर, पण उन्हाला मिळणारा पृष्ठभाग कमी, म्हणून तो उशिरापर्यंत टिकतो.

बिघडतं ते बहुतेक वेळा पाइपमध्ये. प्रवाह मंदावला की एका रात्रीत आत बर्फ धरतो आणि पाइप फुटतो. म्हणून तो जमिनीत खोल पुरायचा, सलग उतार ठेवायचा, मध्ये कुठे पोट सुटू द्यायचं नाही आणि पाणी बंद केलं की पाइप पूर्ण रिकामा करायचा. दुसरी चूक हावरेपणाची: एकदम जास्त पाणी सोडलं तर ते गोठत नाही, उलट तयार बर्फाला भोकं पाडून निघून जातं. उपयोग होतो, पण तो पेरणीची ओढ भागवण्यापुरता. हिमनदीची जागा स्तूप घेऊ शकत नाही.

सिंधूकाठच्या काळ्या चकचकीत धोंड्यांवर रानबकऱ्यांची चित्रं आहेत. तो रंग आहे का? (ठाणे)

नाही. कोरड्या हवेत दगडावर लोह-मँगनीजची पातळ काळी साय धरते. ती दगडाने ठोकून काढली की आतला फिकट खडक दिसतो, तेच चित्र. बोट फिरवू नका आणि फोटोसाठी पाणी तर मुळीच ओतू नका. रस्ते-पुलांच्या कामात असे धोंडे फोडले गेले आहेत, ते नुकसान पुरे आहे.

ऑगस्टमध्ये जातोय. तंबू कुठे लावू नये? (कोल्हापूर)

घळीच्या तोंडाशी पसरलेल्या गाळाच्या पंख्यावर लावू नका. जागा सपाट दिसते, जवळ पाणीही असतं, पण ती पुरानेच बनवलेली असते. ग्रॅनाइट गारठ्याने फुटून जाड वाळू होते आणि ती उतारावर सैल पडून राहते. तिला बांधून ठेवायला झाडं-गवत नाही. 5 ऑगस्ट 2010च्या रात्री लेहला ढगफुटी झाली तेव्हा हाच माल चिखल-धोंड्यांचा लोंढा होऊन उतरला, 200हून अधिक माणसं गेली. आजूबाजूला कोरडा पण ताज्या चिखलाचा लेप असलेला धोंडा दिसला तर त्याहून बऱ्याच उंच जागी सरका. वर डोंगरात ढग दाटले असतील तर तुमच्या डोक्यावर ऊन आहे यावर भिस्त ठेवू नका.