एकाचे मार्क सगळ्यांना कसे काय?

प्रश्न: सर, पायथनमध्ये विद्यार्थी नावाचा क्लास केलाय, त्यात वरतीच मार्क म्हणून रिकामी लिस्ट आणि हजेरी म्हणून शून्य लिहिलंय. आता एका पोराच्या लिस्टमध्ये ७२ अपेंड केले (शेवटी जोडले) की ते सगळ्यांच्याच लिस्टमध्ये दिसतायत, पण हजेरी एकाची वाढवली तर त्याचीच वाढते. दोन्ही एकाच जागी लिहिलेत ना, मग असं का?
— इंजिनिअरिंग दुसरं वर्ष, सांगली

उत्तर: जागा एकच आहे हो, पण पुढे तुम्ही दोघांशी वेगवेगळं वागताय. क्लास म्हणजे साचा, ऑब्जेक्ट म्हणजे त्यातून बनलेला एकेक विद्यार्थी. क्लासच्या खाली थेट लिहिलेलं ते क्लासचं, एकदाच बनतं, मग ऑब्जेक्ट दहा करा नाहीतर दहा हजार. सेल्फ म्हणजे तो ऑब्जेक्ट स्वतः, आणि सेल्फ डॉट मार्क म्हटलं की पायथन आधी त्या ऑब्जेक्टकडे स्वतःचं मार्क आहे का बघतो, नसेल तर क्लासमध्ये, तिथेही नसेल तर पॅरेंट क्लासमध्ये, म्हणजे ज्यावरून हा क्लास बनवला त्यात. तुमच्या पोराकडे स्वतःची लिस्ट नाहीच, म्हणून क्लासची हाती येते आणि अपेंड तिच्यातच भर घालतं, मग ती सगळ्यांना दिसणारच.

हजेरीला तुम्ही प्लस-इक्वल्स (+=, म्हणजे आहे त्यात भर घालून परत ठेवणं) वापरलंय. त्यात शून्य वाचला जातो क्लासमधून, पण बेरजेचा एक ठेवला जातो ऑब्जेक्टवर, कारण सेल्फ डॉट अमुक इक्वल्स असं लिहिलं की साधारणपणे ते ऑब्जेक्टवरच जातं. क्लासमधला शून्य जिथल्या तिथे. पटत नसेल तर त्या ऑब्जेक्टवर व्हार्स (vars) फंक्शन चालवून बघा, ते ऑब्जेक्टचं स्वतःचं काय ते दाखवतं, त्यात हजेरी १ दिसेल आणि मार्कचा पत्ताच नसेल. आणि लिस्टलाच प्लस-इक्वल्स केलंत तर आणखी गंमत, क्लासची लिस्टही वाढते आणि वर तीच लिस्ट ऑब्जेक्टलाही चिकटते, इंटरव्ह्यूत छळायला झकास प्रश्न आहे हा.

तर मार्क आणि हजेरी दोन्ही इनिटमध्ये (__init__, ऑब्जेक्ट बनताना आपोआप चालणारं फंक्शन) सेल्फवर लिहा. पासिंगचे ४० मार्क वगैरे जे सगळ्यांना सारखं ते क्लासवर राहू दे, फक्त बदलायचं झालं तर विद्यार्थी डॉट पासिंग असं क्लासचं नाव घेऊनच बदला, सेल्फमधून बदललंत तर त्या एकट्याचंच पासिंग बदलेल आणि चूक शोधत बसाल.

जाता जाता, पायथन ३.७ पासून डेटाक्लास (इनिट वगैरे आपोआप लिहून देणारी सोय) आलाय, त्यात टाइप देऊन रिकामी लिस्ट डिफॉल्ट ठेवायला गेलात तर तो सरळ व्हॅल्यूएरर देतो आणि डिफॉल्ट फॅक्टरी, म्हणजे प्रत्येक ऑब्जेक्टला नवी लिस्ट बनवून देणारं फंक्शन, वापरायला सांगतो. साधा क्लास मात्र काही बोलत नाही.