अ‍ॅल्युमिनियमचे लोअर आर्म: वजनापेक्षा बुश सांभाळा

प्रश्न असा: गाडीला पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अब्सॉर्बर एकत्र असलेलं सस्पेन्शन) आहे, लोखंडी लोअर आर्म (चाकाला खालून गाडीशी जोडणारे दांडे) काढून हलके अ‍ॅल्युमिनियमचे टाकले तर फरक पडेल का, आणि घरी बसवता येतील का?

फरक पडेल, पण तो बहुतेक नव्या बुशचा (आर्मच्या गाडीकडच्या सांध्यातला रबरी तुकडा) आणि बॉल जॉइंटचा (चाकाकडच्या टोकाचा गोळीवाला सांधा) असेल. आर्मचं एक टोक सबफ्रेमला (गाडीखालची चौकट) आणि दुसरं नकलला (चाक धरणारा भाग), त्यामुळे साधारण निम्मंच वजन चाकाबरोबर हलतं. आर्ममागे दीड किलो वाचलं तर हिशेबात पाऊण किलो धरा. तेच दीड किलो रिममधून गेलं तर पूर्ण पदरात पडतं. मी आधी रिम बदलेन.

तरी आर्मच घ्यायचे असतील तर फोर्ज्ड (ठोकून घडवलेले) घ्या. पत्र्याचा आर्म खड्ड्यात वाकतो, गाडी ओढायला लागते, कळतं तरी. हलक्या दर्जाचं कास्टिंग (ओतीव आर्म) न सांगता तडकतं.

काढताना पिंच बोल्ट (बॉल जॉइंटचा दांडा नकलमध्ये आवळून धरणारा) नुसता ढिला करून भागत नाही. तो जॉइंटच्या दांड्यावरच्या खाचेतून जातो, म्हणून पूर्ण बाहेर काढा. टेपरवाला (निमुळत्या दांड्याचा) जॉइंट असेल तर पुलर (जॉइंट सोडवायचं हत्यार) लावा. नकल फार बाहेर ओढू नका, ड्राइव्ह शाफ्टचा (चाक फिरवणारा दांडा) आतला जॉइंट निसटतो.

घोळ होतो तो पुढे. चाक लोंबत असतानाच बुशचे बोल्ट आवळले जातात. रबरी बुशची आतली नळी आवळल्यावर जागेवर घट्ट बसते, आर्म हलतो तेव्हा फक्त रबर पिळलं जातं. लोंबत्या आर्मवर आवळलं, की गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. म्हणून गाडी उचलण्याआधीच हबच्या (चाकाचा मधला भाग) मध्यापासून फेंडरच्या (चाकावरचा पत्रा) कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजून ठेवा. बोल्ट हाताने लावा, बॉल जॉइंटजवळ जॅक देऊन तेच अंतर येईपर्यंत आर्म वर घ्या (गाडी स्टँडवर हवीच), मग टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर मोजणारा पाना) मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळा. आटे कोरडे ठेवा. तेल लागलं तर त्याच आकड्याला बोल्ट जास्त ताणला जातो. पॉलियुरेथेन बुशची नळी सहसा मोकळी फिरते, तिथे ही भानगड नाही, पण सोबतचं ग्रीस नीट लावलं नाही तर कुरकुर ठरलेली.

टेपरला ग्रीस नको. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले) नवे. कोन मोजून आवळायचे बोल्टही नवेच. शेवटी अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं), निदान टो (चाकं आत-बाहेर किती वळलेली) तरी. ब्रेक मारताना खटकन आवाज आला, तर आर्मच्या मागच्या बुशचा बोल्ट आधी तपासा.